‘परदेशीं पाठवीत नाहीं’ : एका नकाराचा इतिहास

कांहीं महिन्यांपूर्वीं इंटरनेटवरील एका लिलांवांत मोल्स्वर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ सालची दुसरी आवृत्ति विक्रीस आलेली माझ्या पाहण्यांत आली. विकणारा गृहस्थ इंग्लंडांतील एका लहान गांवचा. पुठ्ठा थोडा सुटलेला, पानें पिवळीं पडलेलीं, पण छपाई स्वच्छ. आणि बोली अशा आंकड्यावर उभी कीं, मध्यम स्थितीच्या माणसानेंही धीर करावा. मी बोली लावणार तोंच वर्णनाच्या तळाशीं एक ओळ दिसली. माल फक्त ब्रिटनमध्यें पाठविला जाईल, परदेशस्थ गिऱ्हाइकांनीं बोली लावूं नये, असा तिचा आशय होता. मीं विक्रेत्यास नम्रपणें लिहिलें. टपालखर्च व विमा दोन्ही देण्याची तयारी दाखविली. दुसऱ्या दिवशीं उत्तर आलें तें सभ्य, पण ठाम होतें. एकदां हात पोळल्यावर आपण हा नियम केला असून तो कोणासाठींही मोडीत नाहीं, असें त्यानें कळविलें. मुंबईस छापलेला, मराठी शब्दांनीं भरलेला तो ग्रंथ मागें केव्हां तरी समुद्र ओलांडून गेला होता. त्याला परत येण्यास मात्र वाट नव्हती.

अशा लिलांवांत ज्यानें थोडाफार व्यवहार केला आहे त्याला ही ओळ नवी नाहीं. ती वाचून प्रथम राग येतो. ज्या साधनानें पुण्यांतला माणूस आणि विलायतेंतला माणूस एका क्षणांत समोरासमोर आणले, त्याच साधनावर ‘तुमच्याशीं व्यवहार नाहीं’ अशी पाटी लागावी, हा अपमान वाटतो. कोणी तींत वर्णद्वेष पाहतो, कोणी आळस, कोणी निव्वळ अडाणीपणा. या तिन्ही गोष्टी कोठें कोठें असतीलही. परंतु थोडें मागें जाऊन पाहिलें म्हणजे असें दिसतें कीं, या नकाराचें मूळ विक्रेत्याच्या स्वभावांत कमी आणि जोखमीच्या वांटणींत अधिक आहे. दूरच्या अनोळखी माणसास माल धाडला आणि वाटेंत तो बुडाला, तर नुकसान कोणीं सोसावयाचें? या प्रश्नाला ज्या काळीं समाजानें चांगलें उत्तर दिलें त्या काळीं दारें उघडलीं. ज्या काळीं तो भार एकट्या लहान माणसाच्या अंगावर येऊन पडला त्या काळीं तीं मिटलीं.

आपल्याकडील जुन्या व्यापाऱ्यांना हा प्रश्न पुरता ठाऊक होता. त्यांचा दूरचा व्यवहार बहुधा आपल्या जातीच्या, नात्याच्या किंवा पिढीजात ओळखीच्या पेढीशीं चाले. परक्या बंदरांत माल धाडावयाचा तो तेथील आपल्या अडत्याकडे. वाटेल त्याच्याकडे नव्हे. ओळख हाच त्यांचा विमा होता. पण समुद्रावरील तुफान ओळखदेख जाणत नाहीं. म्हणून हुंडीचा एक विशेष प्रकार प्रचारांत आला. त्यास जोखमी हुंडी म्हणत. माल गलबतावर चढविणारा व्यापारी माल घेणाऱ्यावर ही हुंडी लिही, आणि ती तिसऱ्याच एखाद्या माणसास विकून आपली रक्कम आधींच मोकळी करून घेई. माल सुखरूप पोंचला तर त्या तिसऱ्या माणसाला हुंडीचे पैसे मिळत. गलबत बुडालें तर त्याचे पैसेही त्याबरोबर बुडत. अर्थात् ही जोखीम तो फुकट घेत नसे. हुंडी विकत घेतांनाच तिचें मोल तो कापून घेई. विकणारा आणि घेणारा यांच्यामध्यें जोखीम पत्करणारा कोणी तिसरा उभा राहिला कीं दूरचा व्यवहार चालूं लागतो, हें तत्त्व या हुंडींत स्वच्छ दिसतें. पुढील सर्व हकीकत या तिसऱ्या माणसाचीच आहे.

जोखमी हुंडी ही बड्या व्यापाऱ्यांची सोय होती. सामान्य माणसासाठीं हा तिसरा माणूस बनलें तें टपालखातें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत परदेशीं साधें पत्र धाडणें हेंही किचकट काम होतें. ज्या त्या दोन राष्ट्रांमध्यें निराळा तह, निराळे दर, निराळे हिशेब. पत्र कोणत्या मार्गानें जातें त्यावर त्याचें मूल्य पालटे. हा घोळ मोडण्यासाठीं अमेरिकेचे पोस्टमास्टर जनरल मॉंटगोमेरी ब्लेअर यांच्या पुढाकारानें १८६३ सालीं पॅरिस येथें पंधरा राष्ट्रांचे प्रतिनिधि जमले. तो विचार जर्मनीच्या टपालखात्याचे प्रमुख हाइन्रिख फॉन स्टेफान यांनीं तडीस नेला, आणि ९ ऑक्टोबर १८७४ रोजीं स्वित्झर्लंडांतील बर्न शहरीं बावीस राष्ट्रांनीं तहावर सह्या केल्या. हिंदुस्थान १८७६ च्या जुलैंत या संघांत आला. १८७८ पासून त्यास जागतिक टपाल संघ हें नांव मिळालें. सर्व सभासद राष्ट्रें मिळून टपालापुरता एकच मुलूख समजावा, ही या तहाची मूळ कल्पना. दुसरी गोष्ट त्याहून साधी होती : ज्या देशांत पत्र टाकलें जाईल त्या देशानें तिकिटाचे पैसे आपल्याकडेच ठेवावे, आणि पोंचविणाऱ्या देशानें तें काम तसेंच करावें. प्रत्येक पत्राला उत्तर जातें, तेव्हां शेवटीं जमाखर्च सारखाच होईल, असा त्या काळच्या मुत्सद्द्यांचा हिशेब होता. पत्रापुरता तो बराचसा खराही होता. परंतु मालाला उत्तर जात नाहीं, ही गोष्ट पुढें फार महाग पडली.

पार्सलांचा करार १८८० सालीं पॅरिस येथें झाला. तरीही पार्सलाची व्यवस्था पत्राइतकी सुरळीत कधींच झाली नाहीं. खुद्द अमेरिकेंत तर देशांतल्या देशांत टपालानें मोठें पार्सल पाठविण्याची सोय १ जानेवारी १९१३ पर्यंत नव्हती. चार पौंडांवरचा माल खासगी कंपन्यांकडे सोंपवावा लागे. पत्र नेणें आणि माल नेणें यांत फरक आहे. मालाला किंमत असते, किंमतीला जकात असते, आणि माल फुटतो, हरवतो, किंवा ‘मिळालाच नाहीं’ असें म्हणतां येतें.

हा शेवटचा प्रश्न हिंदुस्थानांतील टपालखात्यानें ज्या रीतीनें सोडविला ती मराठी वाचकास समजावून सांगण्याची गरज नाहीं. १८७७ सालीं सुरू झालेली व्ही. पी. ची पद्धति आपल्या घराघरांत शिरली होती. मासिकाचा वार्षिक अंक, ग्रंथमालेचा नवा भाग, औषधाची बाटली, घड्याळ, सारें व्ही. पी. नें येई. पोस्टमन दारांत उभा राही. एका हातानें पैसे घेई, दुसऱ्या हातानें पुडकें देई, आणि पैसे मनिऑर्डरीनें प्रकाशकाकडे रवाना होत. नागपूरच्या वाचकानें पुण्याच्या प्रकाशकास कधीं पाहिलें नव्हतें. त्याची गरजही पडली नाहीं. माल आणि पैसा एकाच क्षणीं, एकाच उंबऱ्यावर हात बदलीत, आणि मध्यें सरकारी शिक्क्याचा माणूस साक्षी असे. व्ही. पी. परत करणाऱ्या वर्गणीदारांवर तत्कालीन संपादकांचा राग असे, तो रास्तही होता. परंतु परत आलेल्या व्ही. पी. त संपादकाचा टपालखर्च तेवढा जाई, अंक घरीं परत येई. तोट्याला सीमा होती. मात्र ही सोय मुख्यतः देशाच्या सीमेआंतलीच राहिली. पत्रांसाठीं जग एक मुलूख झालें. विश्वासासाठीं झालें नाहीं.

या पार्श्वभूमीवर १९९५ सालचा सप्टेंबर महिना पाहावा. कॅलिफोर्नियांत पियेर ओमिड्यार या तरुण संगणकतज्ज्ञानें ऑक्शनवेब नांवाचा लिलांव इंटरनेटवर सुरू केला. त्याचेंच १९९७ सालीं ईबे असें नामकरण झालें. त्यावर प्रथम विकली गेली ती वस्तु म्हणजे एक मोडका लेसर दर्शक. तो १४ डॉलर ८३ सेंटांस गेला. मोडका लेसर घेऊन काय करणार, असें गिऱ्हाइकास विचारतां आपण मोडके लेसरच जमवितों, असें उत्तर आलें म्हणतात. या लहानशा गोष्टींत सारें मर्म आलें आहे. वस्तु जितकी विलक्षण तितकें तिचें खरें गिऱ्हाईक दूर. तांदूळ शेजारीं विकतां येतो. १८५७ चा मराठी कोश इंग्लंडांतील खेड्यांत कोण घेणार? लिलांवाला जगभरच्या गिऱ्हाइकाची जेवढी गरज, तेवढी दुसऱ्या कोणत्याही दुकानाला नसेल.

ओळखीची जागा भरून काढण्यासाठीं या लिलांवानें फेब्रुवारी १९९६ मध्यें एक युक्ति काढली. व्यवहार पुरा झाल्यावर विकणाऱ्यानें घेणाऱ्याविषयीं आणि घेणाऱ्यानें विकणाऱ्याविषयीं चार शब्द लिहावे, आणि ते सर्वांस वाचतां यावे. गांवांत जी अब्रू तोंडोतोंडीं चाले ती आतां वहींत लिहिली जाऊं लागली. पैशाच्या देवघेवीसाठीं पेपाल ही पेढी उपयोगी पडली. ती ईबेनें २००२ सालीं विकत घेतली. आपल्याकडे मुंबईचें बाझी हें लिलांवस्थळ २००४ सालीं याच कंपनीकडे गेलें, व त्याचें भारतीय रूप २०१८ च्या ऑगस्टांत बंद झालें. एकूण पहिलीं दहा वर्षें मोठ्या उमेदीचीं होतीं. पोटमाळ्यावरची अडगळ काढणारी एखादी वृद्ध बाई आणि पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकावरचा संग्राहक यांची गांठ पडूं लागली, हें पूर्वीं कधीं घडलें नव्हतें. पण पूर्वींचा निर्यातदार हा त्या धंद्यांत मुरलेला असे; त्याच्यापाशीं मुनीम, अडत्या, विमा, जकातीचा माहितगार दलाल असें सारें असे. या वृद्ध बाईपाशीं एक खोकें आणि चिकटपट्टी यांपलीकडे कांहीं नव्हतें.

तिच्या अंगावर काय काय पडलें तें क्रमानें पाहूं. पहिली गोष्ट जकातीचा कागद. परदेशीं जाणाऱ्या प्रत्येक पुडक्यावर आंत काय आहे, त्याची किंमत किती, हें लिहून सही करावी लागते. मग गिऱ्हाइकाचें पत्र येतें कीं, ‘भेटवस्तु’ म्हणून लिहा, किंमत कमी दाखवा, म्हणजे आम्हांस जकात पडणार नाहीं. घेणाऱ्याला ही क्षुल्लक विनंति वाटते. परंतु खोट्या कागदावर सही विकणाऱ्याची असते. शिवाय देशोदेशींचे नियम निराळे आणि तेही पालटणारे. आपल्याच सरकारनें डिसेंबर २०१९ मध्यें टपालानें किंवा कूरियरनें भेट म्हणून येणाऱ्या मालास बंदी केली. जीव वांचविणारीं औषधें आणि राखी यांस तेवढी सूट ठेविली, आणि राखीबरोबर येणारी भेट मात्र त्या सुटींत धरली नाहीं. बहीणभावाच्या नात्याचा मान आमच्या जकातखात्यानें राखला, हें वाचून आपण सुखावूं; पण ओहायोंतील विक्रेत्याला हा बारकावा कोठून कळावा?

दुसरी गोष्ट टपालाचे दर. १४ मे २००७ रोजीं अमेरिकेच्या टपालखात्यानें परदेशीं जाणारें समुद्रमार्गाचें टपाल बंद केलें. तोंपर्यंत जाड पुस्तक दोन-अडीच महिन्यांनीं कां होईना, बोटीनें स्वस्तांत येत असे. आतां सारें विमानानें. पुस्तकाहून टपालाचा खर्च अधिक, अशी अवस्था अनेक जुन्या ग्रंथांची झाली, व पुस्तकविक्रेत्यांच्या याद्यांत ती ओळ अधिकाधिक दिसूं लागली.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. माल मिळाला नाहीं अशी तक्रार आली, तर तो पोंचल्याचा पुरावा विकणाऱ्यानें द्यावा, नाहींपेक्षां पैसे परत करावे, असा दंडक पडला. गिऱ्हाइकाच्या संरक्षणासाठीं तो योग्यच होता. परंतु सीमेपलीकडे गेलेल्या लहान पाकिटाचा माग बहुधा विमानतळावरच संपे; पुरावा आणावा कोठून? क्रेडिट कार्डानें दिलेले पैसे तर गिऱ्हाईक पुढें कांहीं महिन्यांनींही बँकेमार्फत परत ओढूं शके. अशा वेळीं विकणाऱ्याचा माल गेला, टपालखर्च गेला आणि हातीं आलेले पैसेही गेले. त्यांतच मे २००८ पासून ईबेवर विक्रेत्यास गिऱ्हाइकाविरुद्ध प्रतिकूल शेरा लिहिण्याची मनाई झाली. सूड म्हणून शेरे मारणारे विक्रेते पुष्कळ झाले होते, हें त्याचें कारण. पण वहीचें एक पान कोरें झालें तें झालेंच. व्ही. पी. त तोटा टपालखर्चापुरता होता. येथें तोट्याला तळ राहिला नाहीं. शंभर व्यवहारांत एकच बुडाला तरी लहान विक्रेत्याचा वर्षाचा नफा जातो. तो हिशेब करतो आणि ती ओळ लिहितो.

येथवर मीं विक्रेत्याचा कैवार घेतला; पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नकार लिहितांना विक्रेता व्यक्ति पाहत नाहीं, देश पाहतो. एका देशांतील एका लबाडानें त्याला फसविलें म्हणजे तो त्या देशाचें नांवच यादींतून खोडून टाकतो. कांहीं जण तर पश्चिम युरोप तेवढा ठेवून उरलेलें अर्धें जग वगळतात. ज्या प्रामाणिक माणसानें कधीं कोणाचा पैसा बुडविला नाहीं, त्यालाही अनोळखी चोराचें कर्ज असें फेडावें लागतें. हा अन्याय आहे, आणि विक्रेत्याची अडचण समजली म्हणून तो अन्याय नाहींसा होत नाहीं. उलट, कांहीं नकार मात्र केवळ न्याय्यच नव्हेत, तर कायद्यानें आवश्यक आहेत. आपल्या १९७२ च्या पुरावस्तु कायद्याप्रमाणें शंभर वर्षांहून जुनी कलावस्तु किंवा नाणें, आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनें महत्त्वाचें हस्तलिखित, कोणाही खासगी माणसास देशाबाहेर पाठवितां येत नाहीं. जुन्या शिवराईवर बोली लावणाऱ्या परदेशस्थ संग्राहकास कोल्हापूरचा विक्रेता ‘पाठवीत नाहीं’ म्हणाला, तर तो आपलें कर्तव्यच करीत असतो. तेव्हां कायद्याचा नकार, धास्तीचा नकार आणि दूषित ग्रहाचा नकार हे तीन निराळे आहेत. एकाच ओळीच्या आड तिघेही उभे असल्यामुळें आपण त्यांची गल्लत करतों.

धास्तीच्या नकारावर उपाय निघाला तो पुन्हां त्या जुन्या तिसऱ्या माणसाच्या रूपानें. २०१२ सालीं ईबेनें पिटनी बोज या कंपनीच्या साह्यानें नवी व्यवस्था केली. अमेरिकन विक्रेत्यानें माल केंटकी राज्यांतील एका वखारीपर्यंत, म्हणजे स्वदेशांतच, धाडावा; तेथून पुढें जकातीचे कागद, परदेशचा प्रवास आणि वाटेंतील हानि हें सारें मध्यस्थानें पाहावें. त्याचें मोल अर्थात् गिऱ्हाइकानें द्यावयाचें, आणि तें पुष्कळदां डोळे पांढरे करणारें असे. तरी बंद असलेलीं कित्येक दारें त्यामुळें किलकिलीं झालीं. जोखमी हुंडी विकत घेणारा सराफ दीडदोन शतकांनीं पुन्हां वखारींत येऊन बसला, असें म्हणावयास हरकत नाहीं. युरोपीय संघानें दुसरा मार्ग धरला. ३ डिसेंबर २०१८ पासून लागू झालेल्या तेथील नियमानें व्यापाऱ्यास संघांतील दुसऱ्या देशाच्या गिऱ्हाइकास केवळ तो परदेशस्थ म्हणून माल नाकारतां येत नाहीं; मात्र तो माल त्याच्या देशांत पोंचविण्याची सक्ति त्यावर नाहीं. गिऱ्हाइकानें स्वतः येऊन न्यावा, किंवा विक्रेत्याच्या मुलखांतला पत्ता द्यावा. विकण्याची सक्ति करतां येते, जोखीम घेण्याची करतां येत नाहीं, हें या नियमानें जणूं कबूलच केलें आहे.

आणि आतां खुद्द राष्ट्रेंच ती ओळ लिहूं लागलीं आहेत. ‘प्रत्येक पत्राला उत्तर जातें’ हा १८७४ चा हिशेब चुकत गेल्यामुळें १९६९ च्या टोकियो परिषदेंत पोंचविणाऱ्या देशास कांहीं मोबदला देण्याचें ठरलें. पुढें इंटरनेटचा व्यापार वाढला, चीनकडून लहान पुडक्यांचा पूर आला, आणि तो मोबदला फारच अपुरा असल्याची तक्रार करीत अमेरिकेनें ऑक्टोबर २०१८ मध्यें संघ सोडण्याची नोटीस दिली. सप्टेंबर २०१९ मध्यें जिनीव्हा येथें विशेष परिषद भरून तडजोड झाली व तें संकट टळलें. पण २९ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेनें आठशें डॉलरांपर्यंतच्या मालास असलेली जकातमाफी सर्व देशांसाठीं काढून घेतली. जकात वसूल कोणीं करावी व भरावी कशी, याचा उलगडा होईना. तेव्हां देशोदेशींच्या टपालखात्यांनीं अमेरिकेचें पार्सल घेणेंच थांबविलें. त्या दिवशीं अमेरिकेकडे जाणारें टपाल आठवड्यापूर्वींच्या मानानें ८१ टक्क्यांनीं घटलें, आणि ८८ टपालसंस्थांनीं आपली सेवा अंशतः वा पूर्णतः स्थगित केल्याचें जागतिक टपाल संघानें जाहीर केलें. आपल्या टपालखात्यानेंही २५ ऑगस्टपासून बहुतेक पार्सलें घेणें बंद केलें, तें १५ ऑक्टोबरला पुन्हां सुरू केलें. दिवाळी त्या वेळीं अगदीं तोंडावर आली होती. न्यू जर्सींतील लेकीला फराळाचा डबा टपालानें धाडूं पाहणाऱ्या आईला खिडकींतील कारकुनानें दिलेलें उत्तर आणि इंग्लंडांतील त्या गृहस्थानें मला दिलेलें उत्तर, हीं दोन्हीं अखेर एकच. जोखीम कोणाची, हें ठरलें नाहीं. म्हणून माल जाणार नाहीं.

अंतर यंत्रानें तुटतें, असा आपला समज असतो. यंत्रानें तुटतो तो वेळ. अंतर तुटतें तें जबाबदारी घेणाऱ्या संस्थेनें, आणि तशी संस्था उभारण्यास तहनामे, कारकून, शिक्के आणि पुष्कळ वर्षें लागतात. ती मोडण्यास मात्र एक हुकूम पुरतो. त्यामुळें नकार देणाऱ्या लहान विक्रेत्यावर रागावण्यापूर्वीं, त्याच्या पाठीशीं कोणी उभें आहे काय, हें विचारावें. आणि ज्यांनीं उभें राहावयाचें त्यांना जाब विचारावा.

असो. त्या कोशाचें पुढें काय झालें, हें वाचकांस जाणून घ्यावेंसें वाटेल. माझ्या मावसबहिणीची मुलगी लंडनास नोकरीस आहे. तिनें आपल्या पत्त्यावर बोली लावली, कोश मिळविला, आणि नाताळच्या सुटींत येतांना लोंकरी कपड्यांत गुंडाळून आणला. सामानाचें वजन बसेना म्हणून तिनें आपले बूट मागें ठेविले. इंटरनेट, जागतिक टपाल संघ आणि विमानें एवढीं साधनें हाताशीं असतांना तो ग्रंथ घरीं पोंचला तो जुन्या पेढीवाल्यांच्याच रीतीनें : नात्याच्या माणसाच्या हातीं. ज्याला लंडनास भाची नाहीं त्यानें काय करावें, या प्रश्नाचें उत्तर मात्र माझ्यापाशीं नाहीं. आणि तेंच मिळालें पाहिजे.